पवनचक्कीच्या करारावर सही कोणाची?

वर्धा जिल्ह्यात वारा तसा बेताचाच, त्यामुळे पवनचक्क्यांचा वाद आपल्याकडे फारसा ऐकू येत नाही. पण जमिनीचा वाद आपल्याला नवा नाही. सुमारे ८०० किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग विनोबांच्या पवनारपासूनच गोव्याच्या सीमेपर्यंत आखला आहे. म्हणून सातारा आणि बीडमध्ये काय घडले, हे इथल्या तरुणांनीही समजून घ्यायला हवे.

साताऱ्यात चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या आणि पुढे दुष्काळ पडला. पाती ढगांना पळवून लावतात, अशी समजूत तेव्हा पसरली. विज्ञान म्हणून ती चूकच. पण शहाण्यांनी तिच्यावर हसून विषय संपवला, ते मला पटत नाही. डोंगर आपला, तारा आपल्या डोक्यावरून आणि विहीर कोरडी, अशा वेळी माणूस राग कशावर तरी काढणारच.

बीडचे प्रकरण याहून भयंकर आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून करण्यात आला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीला ते आडवे आले होते, असे तपास यंत्रणेचे आरोपपत्र सांगते. देशमुखांचा विरोध पवनचक्कीला नव्हता, तिच्याभोवती जमलेल्या गुंडगिरीला होता. हा फरक बातम्यांच्या गदारोळात हरवला.

गुंडगिरीला एवढी जागा मिळते कशी? पवन प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणजे जनसुनावणीही नाही. कंपनी जमीन थेट विकत किंवा भाड्याने घेते, त्यामुळे २०१३ च्या भूसंपादन कायद्यातले सामाजिक परिणामांचे मूल्यमापनही होत नाही. शेतकऱ्याच्या दारात येतो तो दलाल. शेजाऱ्याला किती भाव मिळाला, हे कोणी कोणाला सांगत नाही. विजेच्या मनोऱ्यांचे तर याहून वाईट: त्यासाठी १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचे अधिकार वापरता येतात. जमीन नावावर राहते, मधोमध मनोरा उभा राहतो.

कोळशाच्या धुरापेक्षा वारा केव्हाही बरा, यात शंका नाही. पण स्वच्छ वीज म्हटले की व्यवहारही स्वच्छ, असे कोणी गृहीत धरू नये.

आपल्या समाजाने एक गोष्ट विशेष बघावी. मराठवाड्यात मशिदी-दर्ग्यांच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश इनाम जमिनी आहेत. त्यांच्या कागदपत्रांत आजवर झालेले घोळ सर्वांना ठाऊक आहेत. वक्फ बोर्डाच्या पूर्वपरवानगीशिवाय अशा जमिनीचा भाडेकरार कायद्याने रद्दबातल ठरतो. मुतवल्ली असो की कब्जेदार, एकट्याच्या सहीला अर्थ नाही. कंपनीचा माणूस मात्र सही करणारा शोधतच असतो.

मित्रांनो, घरात सातबारा वाचता येणारे बहुधा तुम्हीच असता. करार किती वर्षांचा, भाडे कधी वाढणार, कंपनीने प्रकल्प विकला तर करार कोणाकडे जाणार, यंत्र थकल्यावर सिमेंटचा पाया कोण उखडणार, हे सही होण्याआधी विचारा. विषय ग्रामसभेत घ्यायला लावा आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, ते स्वतः पाहा. अब्बा-चाचांना दलाल चहाच्या टपरीवर गाठतो. तुम्ही त्याच्याकडे कराराची प्रत मागा, आणि ती मराठीतच मागा.