घरदुरुस्तीचा ठेकेदार

घराची दुरुस्ती काढली, कीं पुष्कळ गृहस्थ तिघां ठेकेदारांकडून दर मागवितात व स्वस्त असेल त्यास काम देतात. परंतु एकानें न्हाणीघराचा जलरोधक थर दरांत धरलेला असतो, दुसऱ्यानें गाळलेला. मग तुलना ती कसली? कामाची यादी आपणच करून तिघांस तीच द्यावी. ठेकेदारानें केलेलें, दोन पावसाळे गेलेलें काम पाहावें. तेथील गृहिणीस अवश्य विचारावें. फरशीपूर्वीं न्हाणीघरांत २४ तास पाणी कोंडून खालचें छत तपासण्याची अट लेखी असावी. ती ऐकून जो कुरकुरेल, त्यास चहा पाजून निरोप द्यावा! भिंत पाडावयाची असल्यास मात्र ठेकेदाराचा शब्द पुरेसा नाहीं; स्थापत्य-अभियंत्यास दाखवावी. जुन्या विटबंदी इमारतींत वरचे मजले अशाच भिंतींवर उभे असतात.