आजोळचा वारसा

अलिबागच्या एका वाचक भगिनी लिहितात, ‘दोन मुलगे वर्षाच्या आंत गेले, आतां पुन्हां दिवस राहिले आहेत. घरांत नारायण-नागबळीची बोलणीं चाललीं आहेत.’ धर्मकृत्याच्या आड आम्ही येत नाहीं. परंतु पत्राच्या शेवटीं सहज लिहिलेल्या एका ओळीनें आम्हांस थांबविलें: त्यांचे दोन मामाही तान्हेपणींच गेले होते.

रोगप्रतिकारशक्तीचा उपजत अभाव कांहीं कुळांत असाच आजोळच्या वाटेनें येतो. दोष आईच्या ठायीं सुप्त असतो. तिला त्याची बाधा नाहीं, मात्र प्रत्येक मुलग्यास तो मिळण्याचा संभव निम्मा. हें ऐकून सुनेस बोल लावूं पाहणाऱ्या सासूबाईंनीं आपलें नाक आपण मागून घेतलें होतें काय, तें आधीं सांगावें!

१९६८ सालीं अमेरिकेंत मिनेसोटा येथें डॉ. रॉबर्ट गुड यांनीं अशाच कुळांतील एका बालकास बहिणीची अस्थिमज्जा देऊन वांचविलें. आमच्या भगिनींनीं मांडव्याची बोट धरून आतांच परळ गांठावें, तेथें के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांतील राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेंत अशी तपासणी होते. आणि मूल जन्मतांच डॉक्टरांस मागचे सर्व मृत्यु सांगावे, मामांचे सुद्धां. बी.सी.जी.ची लस जिवंत जंतूंची असते. तपासणीचा निकाल येईपर्यंत ती टोचूं देऊं नये.