बागेत चालता, मग बागेपर्यंत का नाही?

"रोज फिरायला जाता का?" असे विचारले की बहुतेक रुग्ण लगेच "हो" म्हणतात. "घरापासून किती चालता?" या पुढच्या प्रश्नाला मात्र ते थोडे अडखळतात. हनुमान टेकडीपर्यंत स्कूटरने जायचे, तिथे दोन-तीन चकरा मारायच्या, येताना तर्री-पोहे खायचे आणि स्कूटरनेच घरी परतायचे, हा आपल्या वर्ध्यातला नेहमीचा क्रम. नागपूरला अंबाझरी तलावाशी सकाळी गेलात, तर तिथेही गाड्यांची रांग दिसेल.

थोडे चालणे हे अजिबात न चालण्यापेक्षा चांगलेच. पण माझे मत असे आहे की फिरणे घराच्या दारातून सुरू व्हावे आणि दारातच संपावे. बाग किंवा तलाव हा त्या फेरीचा मधला टप्पा असावा.

मुले नागपूरला असल्याने इथले बरेच ज्येष्ठ वर्षातले काही महिने तिकडे राहतात. शंकरनगरच्या बाजूला राहणाऱ्यांना मी सुचवतो, उत्तर अंबाझरी मार्गाने तलावाकडे जा, झाडांखाली थोडे थांबा आणि रामनगर, गोकुळपेठेतून परत या. येताना भाजीही घेता येते. फेरी साधारण चार-पाच किलोमीटरची होते. सवय झालेल्या माणसाला तासभर लागतो.

अशा फेरीचा फायदा काय?

प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज ३० मिनिटे. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे मधुमेहात चालणे हे औषधाच्या जोडीचे काम करते. पण औषध रोज घेतले तरच लागू पडते. गाडी, पेट्रोल आणि सोबती यांच्यावर अवलंबून असलेले फिरणे पहिल्या पावसात बंद पडते. दारातून सुरू होणारे टिकते. शिवाय गोल फेरीत तोच रस्ता परत येत नाही, कंटाळा कमी येतो. पाण्याजवळ आणि झाडांत मन हलके होते, हा तर सगळ्यांचाच अनुभव आहे.

गोल फेरीत एक धोकाही आहे. अर्ध्यावर थकलात तर पुढचा आणि मागचा रस्ता सारखाच लांब असतो. म्हणून सुरुवात छोट्या फेरीने करा. विनोबा १९३८ साली प्रकृती फार खालावल्यावर पवनारला, धाम नदीकाठी राहायला आले. तिथे त्यांनी शेतात खणायला सुरुवात केली ती पाच मिनिटांपासून, मग वेळ हळूहळू वाढवत नेली. तब्येत सुधारली. वाढवण्याची हीच रीत आजही आम्ही रुग्णांना सांगतो.

निघण्यापूर्वी एवढे पाहा :

१. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. एवढा वेग पुरे.

२. गवतावर अनवाणी चालल्याने नजर सुधारत नाही. मधुमेहात तळपाय बधिर असतील तर काटा रुतलेलाही कळत नाही. मोजे आणि कॅनव्हासचे बूट घाला.

३. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा.

४. चालताना छातीत दाब येतो आणि थांबल्यावर जातो, याला गॅस समजू नका. चालणे थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. थांबूनही दाब गेला नाही, तर थेट रुग्णालय गाठा.

५. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा सात वाजायच्या आत घरी या.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो डॉक्टरच्या चिठ्ठीत लिहिता येत नाही. गावोगावी बागेत गुळगुळीत वॉकिंग ट्रॅक होतात, पण तिथवर जाणाऱ्या रस्त्याला धड पदपथ नसतो. असलाच तर त्यावर दुकानाचा माल, उभ्या गाड्या किंवा उघडे गटार. सत्तरीतल्या बाईला त्या रस्त्याने चालायला सांगताना माझीही जीभ अडखळते, कारण या वयात पडून खुबा मोडला तर अनेकांचे चालणे कायमचे सुटते. म्हणून लोक गाडीने जातात. दोष फक्त आळसाचा नाही.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, पायी गेले. वय होते ६६. त्याच वयाची आजची व्यक्ती त्या रस्त्याने निर्धास्त चालू शकेल का, हे आपण विचारले पाहिजे. तुमच्या प्रभागातला नगरसेवक मत मागायला येईल तेव्हा नवी बाग मागू नका. आहे त्या बागेपर्यंत सलग, सपाट, दिवे असलेला पदपथ मागा. तो होईपर्यंत आतल्या गल्ल्यांतून, कमी रहदारीची फेरी शोधा आणि उद्या सकाळी गाडीची किल्ली घरीच ठेवून निघा.