नोंद तिची, मालकी कुणाची?



हडपसरच्या रामटेकडी, वैदुवाडीतून रोज सकाळी बायका मोठमोठ्या गृहसंकुलांकडे कामाला निघतात. मगरपट्ट्यात जिथे पूर्वी शेती होती, तिथे आज संगणक कंपन्या आहेत. त्यांत नोकरी करणाऱ्यांची धुणी-भांडी, स्वयंपाक, पोरंबाळं या बायका सांभाळतात. तरीही 'डिजिटल अर्थव्यवस्थे'ची चर्चा होते तेव्हा त्यांचं नाव कुणी घेत नाही. त्या या अर्थव्यवस्थेबाहेर राहिल्या आहेत, असं आपणही म्हणतो. मला ते पटत नाही. त्या आत आहेत, पण हक्काविना.

गेल्या काही वर्षांत अनेक सोसायट्यांचा कारभार मोबाइल ॲपवर गेला. पूर्वी रखवालदाराच्या वहीत नाव लिहिलं जाई. आता मोलकरणीचा फोटो, फोन नंबर, ओळखपत्र ॲपमध्ये जातं. ती कधी आली, कधी गेली, किती खाडे झाले, हे मालकिणीला घरबसल्या कळतं. तिच्या कामाला तारेही दिले जातात.

आमच्या बैठकीत एका ताईंनी सांगितलं, "एका घरी पगारवाढ मागितली. बोलाचाली झाली. दुसऱ्या दिवशी फाटकावर माझा नंबरच चालेना." भांडण एका घरचं, पण त्या संकुलातली चारही कामं गेली. रखवालदार म्हणाला, मशीनच घेत नाही, मी काय करू? दाद कुणाकडे मागायची, हेच त्यांना कळेना. पूर्वी काढून टाकणारी मालकीण निदान समोर तरी असायची.

सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नाही. शिवाय हीच नोंद बाईच्या उपयोगीही पडू शकते. वर्षानुवर्षं राबूनही तिच्याकडे कामाचा कागद नसतो. इथे तर रोजची हजेरी लिहिलेली आहे! पण ती तिला मिळत नाही. तिच्या श्रमाची माहिती सोसायटी वापरते आणि कंपनी त्यावर धंदा करते.

१९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. २००८ साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. ॲपवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद तिच्यात आहे. पण आमच्या ताईंना काम ॲपने दिलेलं नाही. ॲप फक्त त्यांच्यावर नजर ठेवतं. त्यामुळे त्या या तरतुदीत बसत नाहीत.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. बाईचं म्हणणं ऐकल्याशिवाय तिचा नंबर बंद करू नये. तिच्याबद्दल काय नोंदलं आहे ते तिला मराठीत वाचता यावं. हजेरीची प्रत तिला मिळावी. आणि एका घराच्या तक्रारीवरून दुसऱ्या घरचं काम जाऊ नये.

हे सरकारदरबारी मांडायचंच आहे. पण आपल्यापैकी कितीतरी जणी अशाच सोसायट्यांत राहतो आणि आपल्याही मोबाइलवर ते ॲप आहे. सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय आपल्यापैकी कोण मांडणार?