जखमा नसलेला विजय

१९३२ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात दुकानात चोर शिरले असता एका कापड दुकानदाराचा मृत्यू झाला. जेरी सीगल हा त्याचा मुलगा. पुढे याच जेरीने जो शुस्टर या मित्रासह निर्मिलेला सुपरमॅन १९३८ साली चित्रकथेतून अवतरला. पितृवियोगाने पोळलेल्या मुलाला अभेद्य देहाचे स्वप्न का पडले असेल, हे समजावयास मानसशास्त्रज्ञ नको.

त्या आकांताशी आमचे भांडण नाही. पडद्यावर त्याला मिळणाऱ्या उत्तराशी आहे. १९७८ च्या चित्रपटात सुपरमॅन पृथ्वीभोवती घिरट्या घालून काळच मागे फिरवतो आणि मृत लोइस जिवंत होते. जणू ती मेलीच नव्हती! प्रभू येशूने मात्र मृत्यू पुसला नाही; तो त्यातून पार झाला. पुनरुत्थित देहावरही खिळ्यांच्या खुणा राहिल्या. त्या खुणा पाहूनच थॉमसची शंका मिटली.

हा केवळ करमणुकीचा खेळ आहे, असे कोणी म्हणेल. मान्य. मग त्या खेळाला मुलांना हौसेने नेणारे आपण, आजोबांच्या शवपेटीपासून मात्र 'घाबरतील' म्हणून त्यांना दूर का ठेवतो? ज्याला मृत्यू कधी पाहूच दिला नाही, त्याला पुनरुत्थानाची सुवार्ता कशी उमजावी?

मुलांना चित्रपटास जरूर न्यावे. पण दफनभूमीतही न्यावे, आणि मूठभर माती त्यांच्या हातून पडू द्यावी.