आधी खांदा, मग शिंगं



पोळ्याच्या दिवशी रंगवलेली शिंगं, पाठीवरच्या झुली, गळ्यातल्या घुंगुरमाळा तुम्ही हौसेनं पाहता. पण आदल्या संध्याकाळी गोठ्यात काय चालतं, ते कधी बघितलंत? त्या विधीला म्हणतात खांदशेकणी.

पोळा येतो श्रावण अमावास्येला. आपल्या गोंदिया जिल्ह्यात तोवर धानाचे रोवणे बहुतेक आटोपलेले असतात. रोवण्याआधी बांधीत चिखल करावा लागतो. चिखलात बैलाचे पाय रुततात आणि जू नेमकं खांद्यावर दाबतं. कातडी घासते, कधी सुजतेसुद्धा. म्हणून आदल्या संध्याकाळी त्याच खांद्याला तूप-हळद लावून शेक देतात. मग बैलाला सांगतात, उद्या आमच्याकडे जेवायला या!

आता गंमत बघा. शिंगं दिसायला किती रुबाबदार! पण पहिला हात फिरतो तो खांद्यावर. जिथं ओझं असतं, तिथंच देव बघावा, हा या विधीचा अर्थ.

तुम्ही म्हणाल, "पण बैलाला आवतण थोडंच कळतं?" नसेल कळत. शेक मात्र त्याला नक्की कळतो. आणि आवतण असतं आपल्या कानांसाठी. ज्याला पाहुणा म्हणून बोलावलं, त्याच्यावर दुसऱ्या दिवशी काठी कशी उगारणार? म्हणून तर पोळ्याला बैलाला जुंपत नाहीत.

आता पुष्कळ घरी बैल नाहीत. चिखल ट्रॅक्टरनं होतो आणि पूजा मातीच्या किंवा लाकडी बैलांची. मग खांदशेकणी संपली का? छे! दिवसभर चिखलात वाकून रोवणा करणाऱ्या आईची कंबर आहे. धानाची पोती उचलणाऱ्या बाबांचा खांदा आहे. तिथं हात फिरवायला कुठली तिथी लागते?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. आदल्या दिवशी दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या गावाबाहेर टाकतात. रोगराई, इडापिडा घेऊन जा, असं मारबतीला ओरडून सांगतात. बैल हाकायच्या तुतारीला टोकदार आर असते, ठाऊक आहे ना? आपल्या बोलण्यातही कधीकधी तशीच आर असते, आणि ती घरच्याच माणसांना टोचते. यंदा मारबतीबरोबर ती पाठवून द्याल?