हातातले हत्यार

माझ्या कन्येचे असे ठाम मत आहे, की मराठीचा प्राध्यापक म्हणजे जगाकडे पाठ करून बसलेला मनुष्य. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी ती मला खुर्चीतून उठवते आणि जगाकडे तोंड करायला लावते. गेल्या वर्षी दिवाळीच्या आदल्या रविवारी, स्वयंपाकघरात चकल्यांचा पहिला घाणा तळला जात असताना, तिने मला असेच ओढून टीव्हीपुढे बसवले. अमेरिकेतले वणवे विझवणाऱ्या पथकांवरचा एक माहितीपट होता. "बाबा, इंग्रजी जरा भरभर आहे, पण तुम्हांला आवडेल," ती म्हणाली. मुलगी बापाच्या इंग्रजीबद्दल इतके सांभाळून बोलू लागली, की आपले वय झाले असे समजावे.

आता आग विझवणारे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काय येणार? लाल बंब, त्याची घणघणणारी घंटा आणि पाण्याचा फवारा! मी त्या फवाऱ्याची वाट पाहत बसलो. पाच मिनिटे झाली, दहा झाली. पाणी काही येईना. पडद्यावर पिवळे सदरे घातलेली वीसएक माणसे पाठीवर बोजा घेऊन डोंगराच्या सोंडेवर ओळीने वाकली होती आणि चक्क जमीन खणत होती. पुढचे करवतवाले यंत्राने झुडपे कापत, त्यांचे जोडीदार ती उचलून बाजूला फेकत, आणि मागून बाकीचे गवत, मुळे, पालापाचोळा खरवडून खालची कोरी माती उघडी पाडत.

"अगं, हे आग विझवायला आलेत की रोजगार हमीवर?" मी विचारले.

कन्या हसली नाही. आणि थोड्या वेळाने माझेही हसू मावळले.

त्याचे असे आहे, की डोंगरावर पाणी आणणार कुठून? विमाने वरून पाणी आणि रसायने टाकतात खरी, पण त्याने आग नुसती दबते. ती थांबवायची तर तिच्या तोंडचा घासच काढून घ्यावा लागतो. म्हणून ही माणसे आगीच्या वाटेवर कोऱ्या मातीची पट्टी खणतात. कधीकधी तर पट्टी आणि वणवा यांच्यामधले रान ते आपल्याच हाताने पेटवून देतात. डिझेल-पेट्रोलचे मिश्रण ठिबकणारी झारीसारखी एक मशाल त्यासाठी त्यांच्याजवळ असते. मोठी आग येऊन पोचते तेव्हा तिच्या पानात वाढायला काही उरलेले नसते. आपल्याकडे वनखाते उन्हाळ्याआधी अशाच पट्ट्या काढून ठेवते, आणि त्यांना 'जाळरेषा' असा मोठा देखणा शब्द आहे. त्या डोंगरावर माणसे घाम गाळत होती आणि मी या शब्दावर खूश होऊन बसलो होतो, हे येथे कबूल करतो. मास्तराची जात!

या पथकांना 'हॉटशॉट' म्हणतात. वणव्याच्या सर्वांत तापलेल्या भागात काम करणारे, म्हणून हे नाव. १९४०च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण कॅलिफोर्नियात अशी पहिली पथके उभी राहिली. आज त्या देशात शंभरावर पथके आहेत, प्रत्येकात साधारण वीस जण. या शब्दाला मी मराठी प्रतिशब्द शोधू लागलो. 'अग्निवीर' चांगला होता, पण तो सरकारने आधीच सैन्याकडे वळवला आहे. तेव्हा हॉटशॉटच असो.

यांची निवड कशी होते ते ऐका. पाठीवर ४५ पौंड वजन घेऊन ३ मैल ४५ मिनिटांत चालायचे. पळायचे नाही, चालायचेच. मी मंडईतून दोन पिशव्या घेऊन येताना तीनदा थांबतो. आणि ही तर वणव्यावर जाणाऱ्या साध्या जवानाचीही परीक्षा. हॉटशॉटांना याहून कितीतरी अधिक घाम गाळावा लागतो. एकदा मोहिमेवर गेले, की चौदा दिवस सलग काम. एकेक पाळी सोळा-सोळा तासांची. झोप जमिनीवर.

पण मला सर्वांत भिडले ते आग आटोक्यात आल्यानंतरचे काम. एक माणूस हातमोजा काढून राखेत गुडघे टेकून बसला होता आणि उलट्या पंज्याने राख चाचपत होता. आत कुठे धग उरली आहे का, ते पाहायला. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई हात लावते ना, तस्सा! वार्‍याची एक झुळूक आली तर तेवढ्या धगीवरून सगळे रान पुन्हा पेटते. म्हणून हे असे हातभर-हातभर चाचपत जायचे. यात पराक्रम दिसत नाही, चित्रपटवाल्यांना उपयोगही नाही. पण हे झाल्याखेरीज घरी जाता येत नाही.

आणि अशा माणसांना संघसरकारच्या दप्तरात नाव काय, तर 'फॉरेस्ट्री टेक्निशियन'! म्हणजे झाडे मोजणाऱ्या कारकुनाला शोभेल असे. २०२१पूर्वी नव्या भरतीच्या माणसाला तासाला तेरा-एक डॉलर मिळत. त्या वर्षी किमान दर पंधरा डॉलर झाला. त्याच वर्षीच्या एका कायद्याने स्वतंत्र हुद्दा निर्माण करायला सांगितले आणि २०२२मध्ये 'वणवा विझवणारा' हे नाव सरकारी कागदावर आले. मी स्वतः नऊ वर्षे 'तासिका तत्त्वावरील' म्हणून काढली आहेत. वर्ग तेच, पोरे तीच, फळ्यावरचा खडूही तोच. फक्त हुद्दा उच्चारताना लोक जरा आवाज खाली आणत. तेव्हा नावात काय आहे, हे मला कोणी विचारू नये.

हे तासिका तत्त्व पुढे पुन्हा येणार आहे. वाचकांनी लक्षात ठेवावे.

त्यांच्या हातातल्या एका अवजाराला एका माणसाचे नाव आहे: पुलास्की. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळ. एड पुलास्की हा वनखात्यातला अधिकारी. १९१०च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटाना या प्रांतांत दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर रान जळाले, तेव्हा तो चाळीसेक माणसांसह आगीत सापडला. त्याने सगळ्यांना एका सोडून दिलेल्या खाणीच्या बोगद्यात घातले. आत धूर कोंडला, माणसे घाबरून बाहेर धावू लागली. तेव्हा हा तोंडाशी पिस्तूल घेऊन उभा राहिला, की जो बाहेर जाईल त्याला गोळी घालीन! काही दगावले, बहुतेक वाचले. ते अवजार त्याने पुढे घडवून नावारूपाला आणले.

कन्येने मग मला एक पुस्तक आणून दिले. नॉर्मन मॅक्लीन हे शिकागो विद्यापीठात इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक. निवृत्तीनंतर या गृहस्थांनी एका वणव्याचा पिच्छा पुरवला. १९९०मध्ये ते वारले आणि 'यंग मेन अँड फायर' हे पुस्तक १९९२मध्ये निघाले. म्हातारपणी त्या डोंगरावर ते पुन्हा पुन्हा चढले. आमच्यातले निवृत्त फार तर सकाळी टेकडीपर्यंत जातात.

तो वणवा ५ ऑगस्ट १९४९चा, मोंटानातल्या मॅन गल्च नावाच्या घळीतला. विमानातून छत्रीने पंधरा तरुण उतरले. खाली एक वनरक्षक त्यांना मिळाला. आग घळ ओलांडून त्यांच्याच बाजूला आली आणि वाळल्या गवतातून चढाने त्यांच्यामागे लागली. नायक होता वॅग डॉज. त्याने हातातली अवजारे टाकून द्यायला सांगितले. मग पाहिले, की आता पळून भागत नाही. तेव्हा त्याने खिशातून काडी काढली आणि पुढचे गवत पेटवले. ते जळून काळे झालेल्या जागेत स्वतः शिरला आणि ओरडून पोरांना आत बोलावू लागला. कोणी आले नाही. आग मागे लागलेली असताना नायकच पुढे आग लावतो आहे, हे पाहून त्यांना काय वाटले असेल? दोघे माथ्यावरच्या खडकांतून पलीकडे निसटले. डॉज त्या राखेत पालथा पडून वाचला. बाकीचे तेरा गेले.

जळून गेलेली जमीनच सर्वांत निर्धोक, हा या धंद्यातला पहिला पाठ. आणि तरीही ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनात यार्नेल येथे ग्रॅनाइट माउंटन पथक अशा काळ्या जमिनीवर सुखरूप असताना ती सोडून खाली निघाले. वाटेत वार्‍याने आग फिरवली. टेहळणीसाठी दूर बसलेला एक जण वाचला; एकोणीस गेले. ते का निघाले, हे सांगायला त्यांच्यातला कोणी उरला नाही.

पण माझ्या मनातून जात नाही तो तिसरा प्रसंग. कोलोरॅडो, ६ जुलै १९९४. चौदा मृत्यू, त्यांतले नऊ एकाच हॉटशॉट पथकातले. चढावर पळताना काहींनी बोजे आणि अवजारे शेवटपर्यंत टाकली नव्हती. टाकली असती तर वेग वाढला असता, असा हिशेब नंतर मांडण्यात आला. वाचलेल्यांपैकी एकाने सांगितले, की बरेच अंतर चढून गेल्यावर त्याच्या लक्षात आले, आपल्या खांद्यावर करवत तशीच आहे. आणि ती फेकायची सोडून हा गृहस्थ जागा शोधू लागला; कुठे ठेवली म्हणजे जळणार नाही? कार्ल वाइक नावाच्या अभ्यासकाने १९९६मध्ये या गोष्टीवर एक लेख लिहिला आहे. हत्यार म्हणजे नुसते ओझे नव्हे, 'मी कोण' याचे उत्तरच ते. म्हणून हात ते सोडत नाही, असा त्याचा मथितार्थ.

"बाबा, वेडा होता का तो?" कन्या म्हणाली. "जीव जायची वेळ, आणि करवत कसली सांभाळतोय?"

मी उत्तर दिले नाही. तिला आठवत नाही, कारण तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती.

आम्ही तेव्हा दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. एका संध्याकाळी खाली जिन्यातल्या विजेच्या मीटरांनी पेट घेतला. जिना काळ्या धुराने भरला, कोणीतरी "आग, आग" म्हणून ओरडले. हिने मुलीला उचलले आणि धावली. मी तपासायला आणलेल्या पेपरांचा गठ्ठा उचलला. एकशेबारा पेपर, प्रथम वर्षाचे, तपकिरी फडक्यात बांधलेले. पेपर हरवले तर पुढच्या वर्षी मला कोण बोलावणार? तासिका तत्त्वावरच्या माणसाला कायम होण्याची आशा म्हणजे असा एकेक गठ्ठा. तो छातीशी धरून मी नाकाला रुमाल लावून चाळीस पायऱ्या उतरलो. अंगणात पोचल्यावर हिने माझ्याकडे पाहिले, गठ्ठ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "आई?"

आई आतल्या खोलीत होती. तिचे गुडघे गेलेले. आधाराशिवाय पलंगावरून उठता येत नसे.

मी वळलो तोवर वरच्या मजल्यावरचा, बी. कॉम.ला दोनदा बसलेला एक मुलगा तिला पाठुंगळी घेऊन धुरातून बाहेर येत होता. ज्याला सकाळ-संध्याकाळ मी जिन्यात शिट्टी वाजवू नकोस म्हणून दटावत असे, तोच. आग तशी मोठी नव्हती. वीजमंडळाच्या माणसाने प्रवाह तोडला, कोणी वाळू टाकली, अर्ध्या तासात सगळे शांत झाले. आई पारावर बसली होती, खोकत होती. मी जवळ गेलो. तिने माझ्या हाताकडे पाहिले आणि विचारले, "पेपर नीट आहेत ना रे?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

पुढे आल्यागेल्याला ती हे कौतुकाने सांगे: "आमच्या ह्याने शंभर पोरांचं वर्ष वाचवलं हो!" आणि मी दर वेळी काहीतरी निमित्त काढून गॅलरीत जाई. चार वर्षांपूर्वी ती गेली.

पडद्यावर नावे सरकू लागली होती. ही झाऱ्या हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात केव्हाची उभी होती, मला कळले नाही. कन्या आत चकली आणायला गेली, तेव्हा हिने हळूच विचारले,

"अहो, त्या गठ्ठ्यातली सगळी पोरं पास झाली होती का हो?"

"नऊ नापास," मी म्हणालो.

"अगंबाई!" म्हणून ती दुसरा घाणा काढायला आत गेली.